रुळाखालचं लोखंड : एका जुन्या नॅरोगेज स्टेशनावरच्या कामाच्या नोंदी

27 नोव्हेंबर

कार्तिकी आटोपून मजूर परतले. आजपासून फलाटाच्या पूर्व टोकाची माती काढायला घेतली.

स्टेशन बार्शी लाईट रेल्वेच्या जुन्या मार्गावरचं, बार्शी आणि लातूरच्या मधलं. गावाचं नाव या वहीत लिहिणार नाही, कारण जमिनीतून लोखंड निघालंय ही बातमी भंगारवाल्यांना फार लवकर लागते. कुर्डुवाडी ते बार्शी ही नॅरोगेज लाईन (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, इथे अडीच फूट) 1897 मध्ये सुरू झाली, 1911 मध्ये लातूरला पोचली आणि 1927 मध्ये दुसरं टोक मिरजेला टेकलं. 2008 पर्यंत कुर्डुवाडी–लातूर ब्रॉडगेज झालं. नवा मार्ग धाराशिवकडून वळवल्यामुळे जुन्या लाईनचे काही तुकडे रानातच राहिले. आमचं स्टेशन त्यातल्याच एका तुकड्यावर आहे. इमारतीच्या भिंती, कौलं, तिकीट खिडकी हे सगळं दुसरे सहकारी बघतात. जमिनीतून जे निघेल ते ओळखायचं आणि नोंदवायचं काम माझ्याकडे.

पहिल्याच दिवशी सतरा वस्तू निघाल्या आणि मी पोचेपर्यंत सगळ्या एकाच घमेल्यात पडल्या होत्या. कोणती कुठे होती, किती खोल होती, शेजारी काय होतं, सगळं गेलं. मजुरांचा दोष नाही. त्यांना आधी सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नव्हतं. दुपारी फलाटाच्या कडेच्या दगडावर चुन्याने शून्याची खूण केली. इथून पुढे कुठलीही वस्तू उचलण्याआधी फोटो काढायचा, मग खुणेपासूनचं अंतर, फलाटाच्या कडेपासूनचं अंतर आणि खोली लिहायची. त्या सतरा वस्तूंपुढे 'जागा गमावली' असं लिहिलं. लिहिताना वाईट वाटलं.

29 नोव्हेंबर

सतरापैकी पाच वस्तू सारख्याच आहेत. वीतभर लांब, किंचित वाकलेल्या, मधे जाड आणि दोन्ही टोकांकडे निमुळत्या. मी वहीत 'पाचर?' असं लिहून ठेवलं होतं. गावात रेल्वेतून निवृत्त झालेले एक मुकादम राहतात. सगळे त्यांना तात्या म्हणतात, म्हणून मीही तात्याच म्हणते. ते संध्याकाळी काठी टेकत आले, घमेल्यातली एक पाचर उचलून हातात तोलली.

"पाचर न्हाय पोरी. ही चावी हाय. रुळाच्या बुडाला धरून ठेवती."

"तात्या, दोन्ही टोकं निमुळती का मग?"

"कुठनं बी ठोकता येती. एका अंगानं सैल झाली की दुसऱ्या अंगानं हाणायची. चावीवाला रोज हातोडा घेऊन मैलामैलानं चालायचा, त्येचं कामच ते."

मग त्यांनी मातीत बोटाने आकृती काढली. बिडाची दोन बैठकी ताटं, प्रत्येक रुळाखाली एक, आणि दोन्हींना जोडणारी लोखंडी पट्टी. ताटाला वर दोन जबडे, त्यात रुळाचं बूड बसतं, आणि जबडा नि बूड यांच्या मधल्या फटीत चावी. वर्णनावरून हे सीएसटी-9 जातीचं सिलपाट, म्हणजे रुळांखाली आडवा टाकायचा आधार (स्लीपर). भारतीय रेल्वेत लाकडाच्या जागी ओतीव लोखंडाचं सिलपाट म्हणून ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं. सीएसटी म्हणजे सेंट्रल स्टँडर्ड ट्रायल, आणि नऊ हा त्या प्रयोगमालिकेतला क्रमांक. तात्या त्याला नुसतं 'बिडाचं सिलपाट' म्हणतात. मी वहीतही तेच नाव आधी लिहिलं.

पाचही चाव्या मग एकेक करून तासभर बघितल्या. चावी जिथे जबड्यात घट्ट बसलेली असते तेवढा पट्टा गुळगुळीत असतो, बाहेर राहिलेल्या टोकांवर घणाचे मार असतात. तीन चाव्यांवर मार दोन्ही टोकांना आहेत, म्हणजे त्या उलटसुलट ठोकून वापरल्या गेल्या. उरलेल्या दोघींचं एकच टोक चेपलंय. त्या फार दिवस कामावर नसाव्यात.

2 डिसेंबर

शून्य खुणेपासून पूर्वेला 6.2 मीटर, 38 सेंमी खोल : लोखंडी पट्टी, दोन्ही टोकांकडे खाचा. ताटं जोडणारी पट्टी हीच. लांबी मोजली आणि जीव भांड्यात पडला. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलंच अंतर 1676 मिमी असतं, त्यामुळे त्यांची पट्टी त्याहून लांब असायलाच हवी. ही सव्वा मीटरसुद्धा भरत नाही. 762 मिमीच्या गेजला शोभेल अशीच आहे. म्हणजे ही इथली. जुन्या लोखंडाचं गेज ठरवायला याहून खात्रीची वस्तू नाही. चावी किंवा बोल्ट कुठल्याही लाईनवरून येऊ शकतो, पण पट्टी स्वतःच गेज सांगते.

5 डिसेंबर

आजचा दिवस रुळाच्या तुकड्याचा.

मालधक्क्याच्या पायथ्याशी गाडलेला होता, 41 सेंमी लांब, दोन्ही टोकं करवतीने कापलेली. पसरट बुडाचा रूळ. उंची मोजली तर गंजाच्या पापुद्र्यांमुळे कॅलिपर दर वेळी वेगळं माप दाखवतो, म्हणून वजनाचा रस्ता धरला. गावातल्या आडत दुकानात तराजू आहे. तुरीच्या पोत्यांच्या रांगेत उभं राहून वजन केलं : 5.8 किलो. म्हणजे मीटरला 14.15 किलो. जुने रूळ यार्डाला किती पौंड यावर ओळखले जातात. मीटरला किती किलो, त्या आकड्याला 2.016 ने गुणलं की यार्डाला किती पौंड ते मिळतं. आले साडेअठ्ठावीस.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश इंजिनिअरने ही लाईन आखताना प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही अशी गाड्यांची रचना केली होती, आणि त्या हिशेबाने 30 पौंडी रूळ पुरेसा धरला होता. शंभर वर्षांच्या गंजात दीड पौंड गेला असेल तर नवल नाही. आडतवाल्यांना सांगितलं की हा बहुधा बार्शी लाईटचा मूळ वजनाचा रूळ आहे. त्यांनी तो परत हातात घेतला आणि म्हणाले, "एवढासाच रूळ? यावरून आमचे आजोबा पंढरपूरला जायचे?" एवढ्याशा रुळावरून हजारो वारकरी गेले हे मलाही अजून पुरतं पचत नाही. नंतर टाकलेला 50 पौंडी रूळ, ज्याला 50 आर म्हणतात, तो मीटरला 24.8 किलोचा आणि 105 मिमी उंच असतो. त्याचाही एक तुकडा कुंपणात खांब म्हणून रोवलेला आहे. दोन्ही शेजारी ठेवले तर थोरल्या-धाकट्या भावांसारखे दिसतात.

5 डिसेंबर, रात्री

रुळाच्या कमरेवर, म्हणजे डोकं आणि बूड यांच्या मधल्या उभ्या पट्टीवर, लाटताना उठावाची अक्षरं येतात. कारखान्याचं नाव, साल, कधी वजन. दिवसा तिथे फक्त गंज दिसत होता. रात्री दिवे बंद करून टॉर्च रुळाला जवळजवळ चिकटवून आडवी धरली. लांब सावल्या पडल्या आणि आकडे वर आले : 1, 9, 0. चौथा आकडा नुसता उंचवटा. त्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासली. तीनदा घासल्यावर वरचं वेटोळं आणि खाली वळणारी शेपटी आली. नऊ. 1909.

नावाची जागा पूर्ण खाल्ली गेलीय. दोन उभ्या रेघा उरल्यात, त्यांवरून कुठलंही नाव जुळवायचा मोह होतो. जुळवलं नाही.

1911 ला लातूर आणि 1909 चा रूळ. जुळतंय, पण घाई नको. रुळावरचं साल हे लाटणीचं साल. तो कधी आणि कुठे टाकला गेला हे त्यावर लिहिलेलं नसतं. वजनदार मार्गावरून उतरवलेला रूळ हलक्या फाट्यावर आणि तिथून कुंपणात ही त्याची नेहमीची उतरंड. या तुकड्याच्या बाजूने एवढंच आहे की वजन या लाईनच्या मूळ हिशेबाशी जुळतं आणि साल बांधकामाच्या आधीचं पण जवळचं आहे. वहीत 'बहुधा पहिल्या बांधणीतला' असं लिहिलं. 'बहुधा' हा शब्द नंतर कुणी खोडू नये म्हणून त्याखाली रेघ मारली.

6 डिसेंबर

खिळे 23. चौकोनी दांडा, डोक्याला दोन बाजूंनी कानांसारखे उंचवटे, त्यावरूनच डॉग स्पाइक हे नाव. पहारीचं फाटलेलं टोक त्या कानांखाली घालून खिळा उपटतात. हे सगळे एकाच रांगेत, 9 ते 14 मीटरच्या दरम्यान, जोडीजोडीने. खिळा लाकडातच ठोकतात, म्हणजे निदान या पट्ट्यात लाकडी सिलपाटं होती. लाकूड वाळवीने संपवलं, पण काही खिळ्यांच्या दांड्यावर काळा, घट्ट, लाकडाच्या रेषा उमटलेला थर आहे. तो साफ करायचा नाही. तेवढंच लाकूड उरलंय.

आता प्रश्न असा, की अलीकडे 6 मीटरवर बिडाची सिलपाटं आणि पलीकडे लाकडी, असं का? तात्यांना विचारलं. म्हणाले, "सांधा असंल. सांध्याखाली लाकूडच लागतंय." बरोबर आहे. सांधा म्हणजे गाडी एका लाईनवरून दुसरीवर वळते ती जागा. तिथे रूळ एकमेकांपासून फुटत जातात, दर सिलपाटावर रुळांची जागा बदलते. बिडाच्या ताटाची बैठक ठरलेली. लाकडात मात्र हवं तिथे खिळा ठोकता येतो.

मालधक्क्याकडे जाणारा फाटा इथेच असणार.

11 डिसेंबर

मन:स्ताप. ठेकेदाराच्या एका माणसाने 'मॅडमना चकाचक करून देऊ' म्हणून ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून दोन फिशप्लेटी आणि तीन खिळे घासून काढले. फिशप्लेट म्हणजे दोन रुळांचा जोड धरणारी भोकांची पट्टी. तिच्यावर रुळाच्या कमरेला टेकल्याच्या खुणा असतात, त्यावरून ती कोणत्या मापाच्या रुळाला लागत होती हे कळतं. त्या खुणा गेल्या. खिळ्यांवरचं लाकूडही गेलं. प्लेटी आता आरशासारख्या चमकतात आणि काहीही सांगत नाहीत.

माणूस चांगल्या मनाचा आहे, मी त्याच्यावर ओरडले याचं नंतर वाईट वाटलं. संध्याकाळी सगळ्यांना बसवून न घासलेली एक प्लेट टॉर्चखाली दाखवली. भोकं अंडाकृती आहेत, कारण बोल्टाची मानही अंडाकृती होती. नट आवळताना बोल्ट गरगर फिरू नये म्हणून. एक मजूर लगेच म्हणाला, "बैलगाडीच्या बोल्टला चौकोनी मान असती, तसंच." त्याने जे ओळखलं ते मला पुस्तकातून शिकावं लागलं होतं. आता सफाई फक्त बांबूची काडी, नायलॉनचा ब्रश आणि कोरड्या फडक्याने.

12 डिसेंबर

काहीही न घासता धातू ओळखायचे साधे मार्ग सगळ्यांना सांगितले. बीड मोडतं तेव्हा करड्या दाण्यांचं मोडतं, टोलवलं तर बद्द वाजतं. जुनं घडीव लोखंड गंजताना ओल्या लाकडासारखं तंतूतंतूंनी सोलत जातं. पोलादाचा गंज सपाट पापुद्र्यांचा. ठिणगीची परीक्षाही असते, पण तिला वस्तू सहाणेवर धरावी लागते, म्हणून ती फक्त जागा गमावलेल्या सतरांपैकी एका तुटक्या कांबीवर केली. ठिणग्या लांब, सरळ, तांबूस, फुलल्याच नाहीत. घडीव लोखंड. पोलाद असतं तर फुलबाजीसारख्या फुटल्या असत्या.

14 डिसेंबर

क्रॉसिंगचं नाक मिळालं!

11.4 मीटरवर, 45 सेंमी खोल, जागचं न हललेलं. दोन रूळ तासून एकत्र आणलेले, व्ही आकार, टोक पूर्वेकडे. चाकाची कड एका रुळावरून दुसऱ्याला छेदून जाते ती हीच जागा. टोकावर चाकांनी घासून पडलेला खोलगट भाग बोटाला लागतो. मातीत गुडघे टेकून किती वेळ त्यावर अंगठा फिरवत होते कोण जाणे.

आता त्याचा कोन. दोन्ही कडांमधलं अंतर जिथे 5 सेंमी भरलं तिथे खडूची एक रेघ, जिथे 10 सेंमी भरलं तिथे दुसरी. दोन रेघांमधलं अंतर 42.5 सेंमी. म्हणजे साडेआठला एक. रेल्वेत हे माप नेहमीचं. नाकाचं टोक सांध्याच्या जिभेकडे, म्हणजे गाडी वळवणाऱ्या सरकत्या निमुळत्या रुळाकडे असतं, म्हणजे जिभा पूर्वेला. किती लांब? ढोबळ हिशेब गेजच्या दुपटीला साडेआठने गुणण्याचा : 0.762 × 2 × 8.5, जवळपास 13 मीटर. दोरी धरून 13 मीटरवर खुंटी ठोकली.

16 डिसेंबर

खुंटीपाशी काही नाही. मुरूम आणि खडी. सगळे माझ्याकडे बघत होते.

17 डिसेंबर

तात्यांनी हिशेबाचा कागद बघितला नाही, पण म्हणाले, "एवढ्या लांब न्हाय जात. अलीकडं खणा." घरी येऊन परत विचार केला. माझा हिशेब जीभ पहिल्यापासून वक्र धरतो. जुन्या हलक्या सांध्याची जीभ सरळ असते आणि सुरुवातीलाच कोन करून वळते, त्यामुळे अंतर कमी पडतं. नाकापासून साडेदहा मीटरवर खणलं. चार सरकपट्ट्या एका ओळीत, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. जीभ ज्यांच्यावरून इकडून तिकडे सरकते त्या बैठका. वरची बाजू जिभेच्या घासण्याने इतकी सपाट झालीय की मातीतून काढल्यावरही पाण्याचा थेंब त्यावर पसरून बसला.

जीभ स्वतः नाही. ती कुणी काढून नेली असणार, पोलादाचा चांगला तुकडा असतो. पण नाक इथे, सरकपट्ट्या तिथे, मधे खिळ्यांच्या जोड्या. फाट्याची रेघ आता नकाशावर ओढता येते आणि ती थेट मालधक्क्याच्या कडेला जाऊन भिडते. 27 तारखेला घमेल्यात गेलेल्या वस्तू जागच्या जागी असत्या तर फाट्याचं पश्चिमेचं टोकही असंच उलगडलं असतं.

तात्या सरकपट्ट्यांपाशी उकिडवे बसले. म्हणाले, "ह्येला तेल आम्ही घालायचो."

3 जानेवारी

मालधक्क्याच्या छपराचे खांब. इतके दिवस समोर होते. चुन्याचे थर काढल्यावर कळलं की ते उभे रोवलेले रूळ आहेत, आणि वर-खाली दोन्हीकडे सारखंच गोलसर डोकं. दुडोकी रूळ. एक डोकं झिजलं की उलटा करून दुसरं वापरायचं या कल्पनेने ते बनवले, पण खालच्या डोक्याला बैठकीचे खळगे पडायचे आणि उलटल्यावर गाडी त्यावर खडखडायची, त्यामुळे ती कल्पना फारशी टिकली नाही. हे रूळ 30 पौंडीच्या मानाने अवाढव्य. बार्शी लाईटवर ते कधी चाललेले असणं शक्य नाही. मोठ्या लाईनवरून उतरवलेला माल कुर्डुवाडीमार्गे इथे बांधकामासाठी आला असावा.

आणि मग आठवलं मावशींच्या अंगणातलं तुळशीचं भांडं.

4 जानेवारी

स्टेशनामागे राहणाऱ्या मावशींच्या दारात बिडाचं एक पसरट, घुमटासारखं भांडं तोंड वर करून त्यात तुळस लावलीय. नोव्हेंबरात बघून मी त्याला 'नॅरोगेजचं पॉट सिलपाट, मूळ 1911?' असं लिहून टाकलं होतं. आज नीट बघितलं. पॉट सिलपाट म्हणजे उपडी ठेवलेली बिडाची वाटी, रूळ तिच्या पाठीवरच्या जबड्यात बसतो. लाकूड वाळवी खाते आणि उन्हात फाटतं म्हणून हिंदुस्थानातल्या पहिल्या रेल्वेवाल्यांनी अशा वाट्या आणवल्या. वाटीच्या पाठीला भोकं असतात, त्यातून आतली खडी दाबून बसवता येते. मावशींनी त्यातलं एक विटेच्या तुकड्याने बुजवलंय आणि दुसरं पाणी निथळायला उघडं ठेवलंय.

मालधक्क्याच्या खांबाचा छेद पुठ्ठ्यावर उतरवून कापून नेला होता. खाली आडवं होऊन तो वाटीच्या जबड्यात सरकवला. बसला, बाजूला लाकडी पाचरीपुरती फट ठेवून. म्हणजे वाटी आणि खांब एकाच घरचे, दोघेही मोठ्या लाईनवरून आलेले, नॅरोगेजशी त्यांचा संबंध फक्त या मालधक्क्यापुरता. वहीतली जुनी नोंद खोडली नाही. तिच्यापुढे 'चूक' लिहिलं, आजची तारीख घातली आणि कारण लिहिलं. पुढे कुणी वाचेल त्याला कळावं की वस्तू इथे सापडली म्हणून ती इथली ठरत नाही, आणि मी ती तशी धरून बसले होते.

10 जानेवारी

कोणती वस्तू कुठे राहणार, यावर बैठक झाली. लोखंड रेल्वेच्या मालकीचं, त्यामुळे प्रत्येक वस्तूची यादी, वजन आणि फोटो वेगळे दिलेत. नाक आणि सरकपट्ट्या जिथे होत्या तिथेच परत बसवायच्या, मधल्या रुळांच्या जागी विटांची रेघ आखायची, म्हणजे चालणाऱ्याला पायाखाली फाटा कळेल. काचेच्या कपाटात फक्त 1909 चा तुकडा, पाच चाव्या आणि लाकडाचा थर असलेले खिळे. कुणीतरी सुचवलं की नाकाला काळा चकचकीत रंग द्यावा. मी नको म्हटलं, टोकावरच्या झिजेला रंग लागला तर ती बोटाला जाणवणार नाही. मान्य झालं.

कपाटातल्या चाव्यांच्या पाटीवर मी 'दुहेरी चावी, सीएसटी-9' असं लिहिलं होतं. तात्यांना वाचून दाखवलं. त्यांनी खाली 'चावीवाला' हा शब्दही घालायला लावला.

11 जानेवारी

वाटीचं काय करायचं हे राहिलं होतं. मावशींना भीती होती की आम्ही ती घेऊन जाणार. सांगितलं की तिथेच राहील, फक्त शेजारी छोटी पाटी लागेल.

"लावा की. पण तुळशीला ऊन पडंल अशी लावा."

पाटी उत्तरेच्या बाजूला, भिंतीला लावायची ठरली.